कोरोनाची कात्री अडकवणारी गोळी

‘विषाणूवर औषध नसतं, अंगावर काढायचं,’ हे इतक्यांदा कानावर पडतं की खरंच वाटू लागतं. अँटिबायोटिक्स विषाणूवर चालत नाहीत, एवढंच त्यातलं खरं. ती जिवाणूच्या भिंतीवर किंवा त्याच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतात. विषाणूकडे यातलं काहीच नसतं. पण कोरोना विषाणूची स्वतःची एन्झाइम्स असतात आणि त्यांच्यावाचून त्याचं पान हलत नाही.

त्यातलं एक म्हणजे मुख्य प्रोटिएज, प्रथिनं कापणारी कात्री. पेशीत शिरलेला विषाणू आपली बरीचशी प्रथिनं सुटी न बनवता लांबलचक साखळीतच बनवून घेतो. ही साखळी 11 ठिकाणी मुख्य प्रोटिएज कापतं, 3 ठिकाणी दुसरं एक प्रोटिएज. तेव्हा कुठे 16 प्रथिनं कामाला लागतात. कात्री अडकली की पुढचं सगळं ठप्प. शिवाय ही कात्री जवळजवळ नेहमी ग्लुटामिन या अमिनो आम्लापाशीच चालते. माणसाच्या प्रोटिएजांची ही तऱ्हा नाही, म्हणून नेमकी तिलाच अडकवता येते.

मग एचआयव्हीच्या प्रोटिएजवरचं औषध इथे का चालू नये? 2020 मध्ये लोपिनाविर देऊन पाहिलं. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रुग्णालयातल्या रुग्णांचे मृत्यू त्यानं कमी झाले नाहीत. नाव प्रोटिएजच, पण घडण निराळी: एचआयव्हीच्या प्रोटिएजचं काम ॲस्पार्टिक आम्लावर चालतं, कोरोनाच्या प्रोटिएजचं सिस्टीनवर.

ही कात्री अडकवणारी फायझरची गोळी घाईघाईत निघाली, हाही असाच समज. तिची मुळं सार्सच्या साथीत आहेत. तेव्हा शोधलेलं एक रसायन साथ ओसरल्यावर बाजूला पडलं होतं. सार्सच्या आणि कोविडच्या विषाणूंची मुख्य प्रोटिएजं सुमारे 96 टक्के सारखी, म्हणून 2020 मध्ये ते पुन्हा बाहेर काढलं. ते शिरेतून द्यावं लागे. त्यात फेरफार करून पोटातून घेता येईल असं निर्माट्रेलविर घडवलं. डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेत त्याला आपत्कालीन परवानगी मिळाली. त्याच्यासोबतचं रिटोनाविर कोरोनाला हातही लावत नाही. निर्माट्रेलविर लवकर मोडून टाकणारं यकृतातलं एन्झाइम तेवढं ते रोखतं.

विषाणूच्या अंगावरच्या काट्यांचं प्रथिन बदललं की हे औषध निकामी झालं, असं नाही, कारण ते प्रोटिएजला अडकवतं; ओमायक्रॉन या प्रकारावरही ते चाललं. प्रतिकार मात्र इथेही येऊ शकतो.

दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात ज्या रेमडेसिविरसाठी नातेवाईक रात्र रात्र रांगेत उभे राहिले, ते विषाणूचं वेगळंच एन्झाइम, त्याच्या आरएनएची नक्कल काढणारं पॉलिमरेज, अडवतं. नकला जोरात निघतात त्या आजाराच्या पहिल्या दिवसांत. व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णाला पुढे त्रास होतो तो मुख्यतः शरीराच्याच भडकलेल्या दाहाचा. तिथे हे इंजेक्शन संजीवनी नव्हतंच.

निर्माट्रेलविर लक्षणं दिसल्यापासून पाच दिवसांत सुरू करायचं, तेही ज्यांना आजार बळावण्याचा धोका आहे त्यांनी. कोलेस्टेरॉलची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. रिटोनाविरमुळे त्या औषधांचं रक्तातलं प्रमाण धोकादायक पातळीला जाऊ शकतं.