ढगांआडचे चित्र

महापुरात आकाश झाकोळलेले असते आणि नेमके तेव्हाच नदी कोठवर पसरली हे कळावयास हवे असते. रडार ढगांतून आणि अंधारातूनही पाहते. पण ते जे टिपते ते चित्र नव्हे. २०१२ च्या एप्रिलात सोडलेल्या रिसॅट-१ उपग्रहाची नोंद हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडे शादनगरला उतरे, तेव्हा ती प्रतिध्वनींचा नुसता कल्लोळ असे.

उंची ५३६ किलोमीटर, अँटेना ६ मीटर, लहर सुमारे साडेपाच सेंटिमीटर. साध्या हिशोबाने झोत जमिनीवर ५ किलोमीटर पसरतो. त्यात गाव आणि तळे एकच. मग १ मीटरचा बारकावा येतो कोठून? उपग्रह सरकतो तसे प्रत्येक बिंदूचे अंतर आधी घटते, मग वाढते. हा चढउतार गणिताने काढून टाकून सारे प्रतिध्वनी एका ठिकाणी गोळा करावयाचे. भिंगाचे काम येथे संगणक करतो.

मात्र बारकावा वाढवावयाचा तर झोत त्याच जागेवर अधिक वेळ रोखून धरावा लागतो. क्षणभराचा मार्ग सरळ रेषा मानता येतो; वेळ लांबला की कक्षेचा बाक लपत नाही. अंतरात ७ मिलिमीटरांची चूक राहिली तरी बिंदू फुटून पसरतो. म्हणून खरी वक्रता धरणारी किचकट सूत्रे योजावी लागतात आणि संगणकाचा वेळ वाढतो. पुरात मात्र होड्या नकाशासाठी खोळंबलेल्या असतात. तेथे आधी भरड नकाशा काढावा, एकेक घर मागाहून पाहावे, हेच मला रास्त वाटते.