मुंबईत जेवायचं कुठं?

चाकूरहून मुंबईला कुणी खायला म्हणून जात नाही. मंत्रालयात फाईल अडकलेली असते, टाटा कॅन्सर इस्पितळात पेशंट असतो, पोराची परीक्षा असते, नाहीतर कुठंतरी लग्नाची बोलणी. मग रात्री लातूर एक्सप्रेस धरायची. ज्या दिवशी ती बिदरहून सुटते त्या दिवशी आपल्याच तालुक्यातल्या लातूर रोडला चढता येतं, एरवी लातूर गाठावं लागतं. घरून बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी कुर्डुवाडीच्या आतच संपते. सकाळी सीएसएमटीला उतरल्यावर फाईलीच्या आधी पोट आठवतं, आणि समोरच्या गर्दीत आपल्या जोगं कुठं काय मिळेल ते कळत नाही.

नाश्त्याला आपला मुरमुऱ्यांचा सुशीला मिळणार नाही, तो नाद सोडावा. पण लांब जायचीही गरज नाही. स्टेशनासमोर कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीत 1939 पासूनचं 'आराम' आहे. वडापाव, मिसळ, साबुदाणा वडा आणि वरून पियुष. मराठी बोललेलं समजतं, ही पहिल्या सकाळी लहान गोष्ट नव्हे. त्याच्या पलीकडं, जुन्या बझारगेटच्या तोंडाशी 'पंचम पुरीवाला' आहे. आग्र्याहून आलेल्या पंचम शर्मा नावाच्या माणसानं पुऱ्या तळायला सुरुवात केली आणि पुढच्या पिढ्यांनी कढई उतरवलीच नाही, असं सांगतात. पुरी-भाजी खाऊन निघालं की मंत्रालयाच्या रांगेत दुपारपर्यंत तग धरता येतो.

या शहरातली जुनी हॉटेलं पाहुण्यांसाठी निघालेली नाहीत. ती निघाली घर नसलेल्या बाप्यांसाठी. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत हजार पुरुषांमागं बायका जेमतेम सहाशेच्या आसपास होत्या. कोकणातून, घाटावरून माणूस गिरणीत यायचा. बायको, चूल, जमीन गावी. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीनं झोपायचे. अशा माणसाला रोज, वेळेवर, परवडेल असं आणि घरच्यासारखं अन्न लागतं. तेवढ्या एका गरजेतून मुंबईचं बाहेरचं जेवण उभं राहिलं. म्हणूनच एकट्यानं पिशवी घेऊन शिरणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाकडं तिथं कुणी वळून बघत नाही. टेबलावर आधीच तिघं बसलेले असले तरी चौथी खुर्ची आपली. जेवलं की उठायचं, हात धुवायचा, गल्ल्यावर पैसे द्यायचे. आपल्याकडं चहाच्या टपरीवर तासभर बसायची सवय. ती इथं आवरावी.

गिरणगावातल्या खानावळी ही यातली सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत कमी लिहिली गेलेली गोष्ट. पाटी नाही, मेनूकार्ड नाही. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत एखादी बाई दोन्ही वेळचं रांधायची आणि महिन्याच्या हिशोबावर माणसं जेवू घालायची. किराणा उधारीवर, भांडवल सावकाराचं, व्याज जबर. गिरणीत संप झाला की कामगाराचा पगार थांबायचा, पण त्याचं ताट थांबवणं या बायांच्या जिवावर यायचं. संपाचा पाठकणा कोण, तर भाषणं करणारे पुढारी आणि झेंडे, असं आपण वाचत आलो; माझ्या मते त्यात खानावळवालीचं नाव आधी यायला हवं होतं. ते कुणी ओळखलं असेल तर प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या या कार्यकर्तीनं 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. पुढं 18 जानेवारी 1982 चा कामगारनेते दत्ता सामंतांचा गिरणी संप आला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणगावच विस्कटलं. आता परळ-लालबागला गिरणीच्या जागेवर काचेचे मनोरे आहेत आणि त्यातल्या उपाहारगृहांत आपलं काम नाही.

इराण्याचं हॉटेल मात्र चुकवू नये. इराणातल्या यझ्दकडून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी ही हॉटेलं काढली, बरीचशी रस्त्याच्या कोपऱ्यावर. धोबीतलावचं 'कयानी' 1904 चं, ग्रँट रोड स्टेशनाबाहेरचं 'मेरवान' 1914 चं, बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया' 1923 चं. मेरवानचा मावा केक हवा तर सकाळीच जावं लागे, उशिरा गेल्यावर रिकामे ट्रे बघावे लागत. ब्रिटानियाचा बेरी पुलाव दुपारचाच, आणि तो खिशाला जड आहे हे आधीच सांगून ठेवतो. कुलाब्याच्या 'लिओपोल्ड'ला (1871) गेलात तर भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा बघाल. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री अतिरेकी तिथं आणि सीएसएमटीला घुसले. चार दिवसांनी केंद्रीय गृहमंत्रिपदाचा राजीनामा दिला तो आपल्या चाकूरच्या शिवराज पाटलांनी. गावातल्या माणसाला त्या भिंतीसमोर बसून निवांत खाणं जमेलच असं नाही.

मंत्रालयाचं काम असेल तर आकाशवाणीजवळच्या आमदार निवासातलं उपाहारगृह ठरलेलं. आपल्या भागातली निम्मी माणसं तिथंच भेटतात. तिथल्या वरणाबद्दल मी काही बोलत नाही. जुलै 2025 मध्ये ते शिळं निघालं म्हणून एका आमदारानंच कर्मचाऱ्याला मारहाण केली आणि परवाना निलंबित झाला, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. मारहाणीचं समर्थन होऊ शकत नाही. पण परगावाहून आलेला अर्जदार तीच डाळ वर्षानुवर्षं मुकाट्यानं खात आला, त्यावर मात्र कुणी चौकशी लावली नव्हती.

पोटभर आणि स्वच्छ जेवायचं तर माटुंग्याला, मध्य रेल्वेच्या स्टेशनाशेजारी, रामा नायकांचं 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' आहे, 1942 पासून. केळीचं पान, भात, सार, रस्सम, वाढणारा थांबत नाही. तिथंही रांग असते, पण ती सरकते. दादरला 1910 पासूनचं मामा काणे, सेनाभवनाजवळ 1986 चं 'आस्वाद'. आस्वादच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनच्या एका स्पर्धेत जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरवलं. आपल्या जिभेला ती गोडसर लागेल, तसं स्पष्ट म्हणावं. वडापावही इथलाच, दादर स्टेशनाबाहेर 1966 च्या सुमारास अशोक वैद्य यांनी तो पहिल्यांदा विकला असं मानतात.

बंदराच्या शहरात येऊन मासे न खाता जाणं हा करंटेपणा. आपल्याला तळ्यातला मरळ आणि कटला ठाऊक. ससून डॉक 1875 चा, भाऊचा धक्का त्याहून जुना; पहाटे तिथं उतरलेला बोंबील दुपारी दादरच्या मालवणी खानावळीत रव्यात घोळून तळला जातो. पहिल्यांदा बोंबीलच मागवावा. काटा मऊ असतो, नवख्याची फजिती होत नाही.

टाटाला पेशंट असेल तर हे सगळं बाजूला राहतं. हे इस्पितळ 1941 पासून परळला आहे आणि मराठवाड्यातली किती घरं त्याच्या फुटपाथवर राहिली याचा हिशोब नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि सोबतच्यांना अल्प खर्चात निवारा आणि जेवण देते. हा पत्ता ज्याच्या खिशात नाही त्याला तो गाडीत बसण्याआधी द्यावा.

राहिली ज्वारीची भाकरी. मालवणी हॉटेलात भाकरी मागितली की तांदळाची येते, उडुप्याकडं मागायचीच नाही. 1995 मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर केंद्रं निघाली होती. योजना गुंडाळली, टपऱ्या राहिल्या आणि त्यांतल्या कितीतरींत पुढं चायनीज शिजू लागलं. 2020 ची शिवभोजन थाळी आली ती चपातीची. तेव्हा दोन दिवसांचं काम असेल तर कडक भाकरी घरूनच फडक्यात बांधून न्याव्यात. पाटोड्या नेल्या तरी टिकतात. झुणका, ठेचा आणि कांदा दादरला मिळतो, फक्त कांदा फोडून नव्हे, चकत्या करून.