लोणारचे तळे आणि आपली साबणाची वडी

मैत्रिणींनो, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले, शेतांत खड्डे पडले, पावसाने ते भरले. पुढे गावकऱ्यांनी कित्येक खड्ड्यांत चक्क मासे पाळले! आपल्या बुलढाणा जिल्ह्यात बॉम्बचा नव्हे, पण आभाळातून आलेल्या दगडाचा तसाच एक खड्डा आहे. लोणारचे सरोवर.

उल्का एवढ्या वेगाने आदळते की बॉम्बसारखाच स्फोट होतो. म्हणून ती तिरपी आली तरी विवर बहुधा गोलच पडते. हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पूर्वी पुष्कळजण ते ज्वालामुखीचे समजत; पण जबर धक्क्यानेच घडणारी काच तिथल्या खडकात सापडल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले.

आता तुम्ही विचाराल, काठावर गोड्या पाण्याची धार, मग तळे खारट कसे? अहो, आमटी आटत ठेवली की खारट होते ना, तसेच! पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडते, खार मागे राहतो. तोही आपल्या धुण्याच्या सोड्याच्याच जातीचा. साबणाला नि काचेला लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद ‘आइन-इ-अकबरी’त आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा चमत्काराच्या किती गप्पा उठल्या! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तर खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेले.

पण जे खाराचे, तेच साबणाच्या फेसाचे. आत गेले ते आतच राहते. गावच्या सांडपाण्याची तक्रार तर न्यायालयापर्यंत गेलेली आहे. ते काम सरकारचे, कबूल. धारेवर साबण लावून कपडे पिळणे मात्र आपल्या हातात आहे की नाही? नवरात्रात कमळजादेवीला जाल तेव्हा वडी घरीच ठेवा. ओटीची प्लॅस्टिकची पिशवीही परत आणा.

आणि हो, देवळाजवळची सासू-सुनेची विहीर विचारायला विसरू नका. तिचे एका बाजूचे पाणी गोड, दुसऱ्या बाजूचे खारट म्हणतात. गोड कोण, ते ज्या त्या घरी ठरवावे! तळे भरलेले असले तर मात्र ती पाण्याखाली असते.