परसबागेतला खंडोबाचा किडा



उसावरील कीड-रोगाची माहिती आपण या पत्रकातून नेहमी वाचता. या खेपेचा विषय उसाच्या बांधाला लागून असलेल्या परसबागेचा आहे. त्याला कारण घडले ते असे. ऊस नोंदीच्या फेरीत एका सभासदाच्या घरी गेलो होतो. वहिनींनी परसातूनच हाक मारली, "भाऊ, जरा इकडं या. वांग्यावर हा हिरवा किडा बसलाय बघा हात जोडून. समदी पानं ह्यानंच खाल्लीत. ह्यांचं उसावरचं औषध उरलंय थोडं, तेच मारू का?"

वांग्याच्या पानांना भोके होती, हे खरे. पण ज्याच्यावर आळ होता तो पानाला तोंडही लावत नाही. तो भोके पाडणाऱ्याची वाट पाहत बसला होता. त्याला खंडोबाचा किडा म्हणतात, पुस्तकात प्रार्थना कीटक असे नाव आढळते. पुढचे दोन पाय जोडून बसतो म्हणून हे नाव. नाव देवाचे, बसणे भक्ताचे, आणि धंदा पक्का शिकाऱ्याचा!

पुष्कळ जण त्याला नाकतोडाच समजतात व तिथेच घोटाळा होतो. नाकतोड्याचे मागचे पाय जाड व उडी मारण्याजोगे असतात. याचे पुढचे पाय जाड असून त्यांना आतून करवतीसारखे काटे असतात. मान लांब, डोके तिकोनी, आणि ते डोके वळवून तो चक्क मागे बघतो. आपण डावीकडे सरकलो की त्याचे तोंडही डावीकडे. एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे. त्याला नांगी नाही, विष नाही. हातात धरला तर काट्यांनी चिमटा काढील, इतकेच.

त्याची शिकारीची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. हिरव्या पानांत हिरवा, वाळल्या काटकीवर तपकिरी, असा तो तासन् तास हालचाल न करता बसतो. माशी, पतंग, नाकतोडा वा अळी टप्प्यात आली की डोळ्याचे पाते लवायच्या आत पुढचे पाय मारतो, आणि सावज काट्यांत अडकले की जिवंतपणीच खायला लागतो. रात्री ओट्यावरच्या दिव्याभोवती पतंग जमले की हाही तिथे हजर होतो. त्याला कान एकच असतो, तोही छातीच्या खालच्या बाजूला, मागच्या पायांच्या मध्ये. आपल्याला ऐकू न येणारा वटवाघळाचा बारीक आवाज त्याला त्या कानाने कळतो आणि उडता उडता तो एकदम खाली सूर मारतो. शिकाऱ्यालाही शिकारी असतोच.

आता त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण मित्रकीटक म्हटले की आपण लगेच हुरळून जातो. हा किडा मित्र आणि शत्रू असा भेद करीत नाही. मधमाशी सापडली तर मधमाशी खाईल, फुलपाखरू सापडले तर तेही. मादी कधी कधी मिलनाच्या वेळी नरालाच खाते. वांग्याचे शेंडे व फळे पोखरणारी अळी आत शिरली की तिच्यापर्यंत याचा हात पोचत नाही; फार तर तिचा पतंग रात्री सापडेल. मावा, तुडतुडे ही याच्या लहान पिल्लांची शिकार. मोठा झाला की इतक्या बारीक किडीकडे तो फारसा वळत नाही. तेव्हा याला परसबागेचा राखणदार समजावे, औषध समजू नये. अमेरिकेत १८९६ साली फिलाडेल्फियाजवळ याची चिनी जात प्रथम आढळली. पुढे तिच्या अंड्यांची घरे बागवाल्यांना विकण्याचा धंदाच तिकडे सुरू झाला आणि तो आजही चालतो. तिथे हा किडा फुलपाखरेच काय, लहानसे पक्षीही पकडतो. आपल्याला विकत आणायची गरज नाही. न मारला की झाले.

उसाच्या बाबतीतही अपेक्षा बेताचीच ठेवावी. उसात खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामाची कार्डे, पायरिलावर एपिरिकॅनिया, ही कामे ज्याची त्यानेच करावी. पण २००२ सालचा लोकरी मावा जुन्या सभासदांना आठवत असेल. सांगली भागात दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. पाने पांढरी, त्यावर काळी बुरशी. उंच वाढलेल्या उसात पंप घेऊन शिरायचे तरी कसे? अखेर डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनीच त्याला आवरले. मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेने ते वाढवून शेतकऱ्यांना दिले. जिथे जहाल औषधे वरचेवर मारली तिथे मावा खाणारे हे किडेही मेले.

परसातही तेच होते. शिवाय इथे एक गोष्ट अधिक. ऊस काही आपण औषध मारल्याच्या दुसऱ्या दिवशी तोडून चुलीवर ठेवत नाही. वांगी, मिरची, कोथिंबीर ठेवतो. उसासाठी आणलेले औषध, उसाचे प्रमाण, आणि खाणारी घरची पोरे! कोणत्या औषधानंतर किती दिवस भाजी तोडू नये हे पिकावर अवलंबून असते, आणि उसाच्या डब्यावर वांग्याचे दिवस छापलेले नसतात. वहिनींना हे सांगितले तेव्हा त्यांनी पंप तसाच गोठ्यात नेऊन ठेवला.

पावसाळा सरता सरता कुंपणावर, डहाळीला, कधी भिंतीला सुपारीएवढा तपकिरी, वाळलेल्या फेसासारखा गोळा चिकटलेला दिसतो. कुंभारणीचे घर म्हणून तो खरवडून टाकतात. तो या किड्याच्या अंड्यांचा कोष असतो. मादी पोटातून फेस सोडते, त्यात अंडी घालते आणि फेस वाळून टणक होतो. एका कोषातून हवामानाप्रमाणे काही आठवड्यांनी वा महिन्यांनी मुंगीएवढी, बिनपंखांची पिल्ले बाहेर पडतात. काही डझनांपासून दोनशेपर्यंतही. बहुतेक एकमेकांना खातात किंवा मुंग्यांच्या तोंडी जातात. मोठी होतात ती थोडीच. कोषाला बारीक भोके दिसली तर आत परोपजीवी गांधीलमाशीने आधीच हात मारला असे समजावे.

कुंपण छाटताना असा कोष मिळाला तर डहाळीसकट तोडून मुंग्यांच्या वाटेपासून दूर, छातीइतक्या उंचीवर, सावलीच्या झाडाला बांधावा. बरणीत ठेवू नये. पिल्ले आतच एकमेकांचा फडशा पाडतात.

माव्याने फारच जोर केला तर पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने धुवावा. तेवढ्याने भागले नाही तर निंबोळी अर्क घ्यावा. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळी पूड, रात्रभर भिजवून, सकाळी फडक्याने गाळून, संध्याकाळी फक्त किडीच्या जागेवर मारावा. मारण्यापूर्वी झाडावर हात जोडून कोणी बसला असेल तर त्याला काटकीने उचलून पलीकडच्या दोडक्याच्या वेलावर सोडावा.