व्हिन्सेंट दादरला उतरतो

काळा घोड्याच्या फुटपाथवर ऊन रणरणतंय. गॅलरीच्या दाराशी शाळेच्या मुलांची रांग. रखवालदार दप्तरं उतरवून घेतोय, पाण्याच्या बाटल्या भिंतीशी ओळीनं लावतोय. एक आजोबा व्यंगचित्रांच्या प्रदर्शनाच्या पत्रकानं वारा घेत उभे आहेत. रांग दोन पावलं सरकते, पुन्हा थांबते.

आत गारवा आहे. पहिल्याच चौकटीत दादरचा पूल. गर्दी सगळी काळ्या शाईत, आणि तिच्या मधोमध एकच पिवळा ठिपका: गवती टोपी. टोपीखाली तांबूस दाढी, पाठीवर चित्रकलेचं सामान. व्हिन्सेंट व्हॅन गॉग जिना उतरतोय. १८८८ सालच्या एका चित्रात त्यानं स्वतःला असंच, सामान घेऊन उन्हातून चालताना रंगवलं होतं. ते चित्र दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं. इथे तो माणूस पुन्हा चालू लागलाय आणि मागून कुणीतरी त्याला म्हणतंय, “उतरायचंय का पुढे?”

मुलं खिदळतात. “हात लावू नका,” बाई बजावतात.

पुढे फूलबाजार. व्हिन्सेंट सूर्यफुलं मागतोय. मावशींनी त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातलीय आणि त्या सुट्ट्या पैशांसाठी थांबल्यात. शेजारच्या चौकटीत व्हीटी स्टेशन. १८७८ साली सुरू झालेलं त्याचं बांधकाम १८८८ साली पुरं झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत हा माणूस दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला उतरला होता. व्यंगचित्रकारानं एवढंच केलंय, की गाडी बदलून दिलीय.

बटाटेवड्याच्या गाडीसमोर गर्दी दाटलीय. मी पाठीमागे थांबून राहतो. एक जोडपं हलतं, तेव्हा चित्र दिसतं. एकच पिवळा बल्ब, त्याखाली पाच जण: टॅक्सीवाला, हमाल, ड्युटी संपवून आलेली नर्स, कॉलेजातली मुलगी आणि वडे तळणारा. पाचांचे चेहरे दिव्याकडे. व्हॅन गॉगच्या १८८५ सालच्या ‘बटाटे खाणारे’ या चित्रातही पाचच माणसं आहेत, तसाच एक दिवा आहे. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात जाताहेत, हे त्याला त्यात दाखवायचं होतं. इथे तळणाऱ्याच्या मनगटावर तेलाचे चटके आहेत. हमालाची बोटं पावाहून जाड आहेत. व्हिन्सेंट कडेला उभा राहून वही भरतोय, त्याचा वडा गार होतोय. मला हे प्रदर्शनातलं सर्वांत चांगलं चित्र वाटतं. हसू येतं आणि नजर त्या हातांवरून निघत नाही.

जवळ जाऊन रेषा पाहावी. तुटक, जाडबारीक, मध्येच ठिपके. ही बोरूची रेषा आहे. आर्लच्या शेतांची रेखाटनं व्हॅन गॉगनं बोरूनंच केली: गवताला एक फटकारा, मातीला दुसरा, आभाळाला नुसते ठिपके. मुंबईच्या या व्यंगचित्रकारानंही बोरूच हाती घेतलाय. व्हॅन गॉगची नक्कल करायची, तर आधी त्याच्यासारखं बघावं लागतं. इथे ते बघणं प्रत्येक चौकटीत आहे.

कापलेल्या कानावरचा विनोद मात्र कुठेच नाही. मी मुद्दाम शोधतो. दहा वर्षांच्या कामात साडेआठशेहून अधिक तैलचित्रं करणारा माणूस लोकांना एका कानापुरता आठवतो. इथे तो दोन्ही कानांनी लोकलची घोषणा ऐकतोय.

आतल्या दालनात रात्र. गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची. व्हॅन गॉगच्या ‘तारांकित रात्र’ या चित्रातला सरूचा वृक्ष इथे सोसायटीच्या आवारातला उंच, सडसडीत अशोक झालाय. ते चित्र केलं तेव्हा, जून १८८९मध्ये, व्हिन्सेंट सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात होता, खिडकीतून पहाटेचं आभाळ बघत होता. या गच्चीवर त्याच्या शेजारी चटई टाकून चार जण पडलेत. तारे कमीच. सगळी गरगर मरीन ड्राइव्हच्या दिव्यांना दिलीय. “हे तर आपलंच,” रांगेतले आजोबा बायकोला सांगतात आणि चित्राखालची ओळ मोठ्यानं वाचतात.

शेवटच्या भिंतीजवळ टेबल. व्यंगचित्रकार पत्रकांवर सह्या करतोय. इथेही रांग आहे आणि ती बाहेरच्याहून सावकाश सरकते, कारण तो प्रत्येकाला एक छोटी टोपी काढून देतो. बोटं शाईनं काळी.

“हे मुंबईला कधी आले होते?” दोन वेण्यांची एक मुलगी विचारते.

“कधीच नाही. म्हणून मी आणलं.”

ती विचार करते. “मग भांडुपला का नाही आणलं? आमच्याकडे पंपिंग स्टेशनजवळ फ्लेमिंगो येतात. खूप. सगळं गुलाबी होतं.”

तो बोरू खाली ठेवतो. “कुठल्या महिन्यात?”

मागची रांग थांबलेली आहे. मुलगी बोटांवर महिने मोजायला लागते आणि तो पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतो.