विद्युत्-गिटारीची किंकाळी

संगीताच्या नादीं लागलेला तरुण मुलगा ज्या घरीं असतो, त्या घरच्या वडील मंडळींच्या कानांवर केव्हां काय पडेल याचा नेम नसतो. एके काळीं ही तक्रार पेटी-तबल्याची असे. हल्लीं तींत विद्युत्-गिटारीची भर पडली आहे. गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरीं घडलेला एक प्रसंग इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून तो आम्ही येथें देत आहों.

आमचा धाकटा पुतण्या कॉलेजांत शिकतो. पैसे सांठवून त्यानें आपल्या गिटारीच्या घोडीजवळ बसविण्यासाठीं एक नवा पिकप आणला. जुना काढून, आंतील तारा व आवाजाचीं बटणें बदलून, सर्व सांधे त्यानें आपल्या हातानें सोल्डर केले. संध्याकाळीं ॲम्प्लिफायरचा आवाज जरा वाढवितांच अशी कर्णकर्कश शिट्टी सुरू झाली कीं, आमच्या मातुःश्री जपाची माळ हातांत घेऊनच माजघरांतून बाहेर आल्या. वडील बंधु म्हणाले, "चांगली चालत होती, ती बिघडवून ठेवलीस!" मुलगा कांहीं बोलला नाहीं. पुढील चार दिवसांत त्यानें तेच सांधे तीन वेळां उकलून पुन्हां जोडले. शिट्टी कायम राहिली. स्नेहसंमेलन आठ दिवसांवर आलें होतें. पांचव्या दिवशीं तो आम्हांस म्हणाला, "काका, हें काम माझ्या हातचें नाहीं. गिटार विकून टाकतों." गिटारीच्या बिघाडापेक्षां हें वाक्यच आम्हांस अधिक चिंतेचें वाटलें.

हा पिकप म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. चुंबकाभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. त्यांवरील पोलादी तार कांपली म्हणजे तेथील चुंबकीय क्षेत्र बदलतें आणि वेढ्यांत सूक्ष्म विद्युत्दाब उत्पन्न होतो. फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्व तें हेंच. या तत्त्वावर चालणारी गिटार अमेरिकेंत जॉर्ज बीचम व ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनीं १९३२ च्या सुमारास बाजारांत आणली. विजेच्या तारांतून येणारी गुणगुण टाळण्यासाठीं गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यांनीं एकमेकांविरुद्ध जोडलेल्या दोन वेटोळ्यांचा पिकप योजिला व १९५५ सालीं त्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला. यास हम्बकर म्हणतात. आमच्या पुतण्यानें आणलेला पिकप याच जातीचा, वर धातूचें झांकण असलेला होता.

आतां शिट्टीचें मूळ. सतारीच्या तरफा न छेडतां वाजतात, हें आपण नेहमींच ऐकतों. मुख्य तारेचा नाद त्यांना हालवितो. तसाच स्पीकरचा नाद गिटारीच्या तारेस हालवितो; ती हालचाल पिकप टिपतो, ॲम्प्लिफायर ती वाढवितो, आणि स्पीकर तीच पुन्हां खोलींत सोडतो. प्रत्येक फेऱ्यांत नाद थोडा वाढत गेला, कीं तो आपला आपणच चालूं लागतो. लग्नमंडपांत मायक्रोफोन स्पीकरसमोर नेल्यावर जी किंकाळी उठते, ती याच चक्राची. डॅनिश पदार्थवैज्ञानिक सोरेन लार्सेन यांच्या नांवावरून यास लार्सेन परिणाम असेंही म्हणतात. हें चक्र सर्वस्वीं त्याज्य आहे असेंही नाहीं. १९६४ सालीं बीटल्स मंडळींनीं आपल्या 'आय फील फाइन' या गीताच्या आरंभीं तें मुद्दाम ठेविलें. परंतु जें वादकाच्या मर्जीनें येतें तें संगीत, आणि मर्जीविरुद्ध येतें तो उपद्रव.

रविवारीं दुपारीं आम्ही मुलाजवळ बसलों व एकच नियम ठरविला: एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि काय झालें तें कागदावर लिहावयाचें. तोंपर्यंत सोल्डरच्या यंत्रास हात लावावयाचा नाहीं.

प्रथम गिटारीवरील आवाजाचें बटण शून्यावर आणिलें. शिट्टी थांबली. ती चालूं राहती, तर दोष केबलींत किंवा ॲम्प्लिफायरमध्यें शोधावा लागता. नंतर बटण पूर्ववत् करून सर्व तारा तळव्यानें दाबून धरल्या. शिट्टी तशीच! ही खूण फार महत्त्वाची आहे. तारा दाबतांच नाद थांबला, तर दोष नसून केवळ जागेचा प्रश्न असतो; वादकानें स्पीकरपासून दूर जावें, तोंड फिरवून उभें राहावें, किंवा आवाज कमी करावा. येथें मात्र तारांवांचूनच चक्र पुरें होत होतें. मग निवड-कळीनें मानेजवळचा जुना पिकप चालूं केला. खोली शांत झाली. नवा चालूं करतांच पुन्हां किंकाळी. शेवटीं आवाज कमी करून नव्या पिकपावर पेन्सिलीनें हळूच टिचकी मारली. स्पीकरमधून दार ठोठावल्यासारखा धप्प आवाज आला. झांकण बोटानें घट्ट दाबून आवाज वाढविला, तेव्हां शिट्टी मंदावली.

उलगडा झाला. झांकण व आंतील वेढे पुरते घट्ट बसलेले नव्हते. स्पीकरच्या नादानें तेच कांपत होते आणि पिकप मायक्रोफोनासारखा वागत होता. त्यांतच नवा पिकप जुन्यापेक्षां जोरकस, त्यामुळें ॲम्प्लिफायर पूर्वीच्याच खुणेवर असूनही चक्र लवकर पुरें होई. मुलानें तीनदां उकललेल्या सांध्यांचा या शिट्टीशीं कांहींही संबंध नव्हता.

उपाय मेणाचा. चार भाग पॅराफिन व एक भाग मधमाश्यांचें मेण उकळत्या पाण्याच्या भांड्यांत ठेविलेल्या दुसऱ्या भांड्यांत वितळवून, सुमारें ६५ अंश सेंटिग्रेडवर ठेवावें. त्यांत सुटा केलेला पिकप बुडवून बुडबुडे येणें थांबेपर्यंत राहूं द्यावा. मेण वेढ्यांमध्यें व झांकणाखालीं शिरून सर्व घट्ट धरतें. मेण उघड्या जाळावर कधींही वितळवूं नये, तें पेट घेतें. आणि उष्णता फार वाढल्यास आंतील प्लॅस्टिकची चौकट वांकडी होते. ज्यांस हें धाडस वाटेल त्यांनीं जाणत्या कारागिराकडे जावें. आमच्या घरीं मातुःश्रींनीं स्वयंपाकाचें पातेलें देण्यास साफ नकार दिला व माळ्यावरचा जुना डबा काढून दिला.

पिकप पुन्हां जोडतांना मुलगा एकदम थबकला. शिट्टीबरोबर एक बारीक गुणगुणही येत होती. तारांना हात लावून ती कमी होत नव्हती, पण केबलीच्या धातूच्या टोंकास हात लावतांच कमी होई. "काका," तो म्हणाला, "घोडीखालची जमिनीची तार मी जोडलीच नाहीं. ही चूक माझी." चार दिवस न केलेल्या चुकीचा दोष वाहणाऱ्या मुलानें आपली खरी चूक इतक्या सहजपणें सांगितलेली पाहून आम्हांस फार बरें वाटलें. ती तार जोडतांच गुणगुण बहुतेक गेली.

येथें एक सूचना अवश्य दिली पाहिजे. या तारेमुळें वादकाचा हात ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशीं जोडला जातो. म्हणून घरांतील अर्थिंग नीट असल्याची खात्री करावी, आणि गुणगुण घालविण्यासाठीं प्लगचा तिसरा खांब कधींही तोडूं नये. ॲम्प्लिफायरही घरीं उघडूं नये. बंद केल्यावरही त्याच्या आंत जीवघेणा विद्युत्भार राहूं शकतो.

स्नेहसंमेलन यथासांग पार पडलें. बदल केल्यानंतर बिघाड दिसला म्हणजे बदल करणाराच दोषी, असा निर्णय आपण घरोघरीं किती लवकर देतों, याचा विचार वडील मंडळींनीं करावा अशी आमची विनंती आहे. आमच्या वडील बंधूंनीं आपला शब्द कांहीं परत घेतला नाहीं; पण मेण वितळत असतां उष्णतामापक हातांत धरून अर्धा तास उकिडवे बसले होते ते तेच.