बाळूंच्या हाती बॅट का आली नाही?

आरक्षणाचा विषय निघाला की तथाकथित गुणवत्तावाले ‘उपजत मेरिट’ सांगू लागतात. त्यांनी पालवणकर बाळू आठवावेत. चर्मकार समाजातले बाळू पूना क्लबवर मैदान राखत. तिथे जे. जी. ग्रेग या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण क्लबात बॅट त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची! पुढे हिंदूंच्या संघात घेतले, तेही चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हात तोच, मनगट तेच. पण बाळूंना चेंडू कोण टाकणार? धाकटे विठ्ठल मात्र नामवंत फलंदाज झाले, १९२३ मध्ये हिंदूंचे कर्णधारही. त्यांच्या घरात आधीच क्रिकेटपटू भाऊ होते.